मेहेरबाईंचे अपुरे स्मारक

लेडी मेहेरबाई टाटा यांचे नाव निघाले की बहुतेकांना त्यांचा ज्युबिली हिरा आठवतो. त्यांचे खरे स्मरण मात्र परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाशी निगडित आहे.

मेहेरबाईंचा जन्म १८७९ सालचा. वडील म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे प्रमुख होते. १८९८ मध्ये त्यांचा विवाह जमशेटजींचे ज्येष्ठ चिरंजीव दोराबजी यांच्याशी झाला. साडी नेसून टेनिस गाजविणाऱ्या या बाईंनी स्त्रीशिक्षणाचा आणि बालविवाहबंदीचा हिरिरीने पुरस्कार केला. १९२९ च्या सारडा कायद्यामागील लोकमत घडविण्यात त्यांचा वाटा होता. १९२४ च्या सुमारास पोलाद कारखाना संकटात सापडला, तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता गहाण टाकली. तीत मेहेरबाईंचा २४५ कॅरटचा तो हिराही होता.

१९३१ साली वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. संपत्तीला तोटा नव्हता. औषधच कोठे नव्हते. दोराबजींनी १९३२ मध्ये या रोगाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापला आणि त्याच वर्षी तेही गेले. त्यांनी आपली संपत्ती ज्या न्यासाच्या स्वाधीन केली, त्या न्यासाने १९४१ मध्ये परळचे रुग्णालय उभारले. १९६२ साली ते अणुऊर्जा खात्याकडे आले, तेव्हा त्या खात्याची धुरा मेहेरबाईंचे भाचे होमी भाभा यांच्याकडे होती.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग रक्ताचाच. आज तो बहुतांशी बरा होऊ शकतो. संपन्न देशांत कर्करोगग्रस्त मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक वाचतात. गरीब देशांत मात्र तीस टक्केही वाचत नाहीत. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर मेहेरबाईंच्या वेळी टंचाई ज्ञानाची होती. आज दोष वाटपाचा आहे. मालाडच्या पालकांना परळ लोकलने तासाभरावर आहे. गडचिरोलीच्या मजुराला मात्र दोन-अडीच वर्षे चालणाऱ्या उपचारांसाठी घर आणि रोजगार दोन्ही सोडावे लागतात. उपचार अर्धवट सुटतात ते येथेच.

यावर उपाय रुग्णालयांच्या सहकार्याचा आहे. निदान व उपचारांची आखणी मोठ्या केंद्राने करावी आणि पुढील औषधे व देखरेख जिल्ह्याच्या ठिकाणी मिळावी. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने देशभरातील केंद्रे समान उपचारपद्धतीसाठी जोडली आहेत. ही साखळी जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचविणे, त्यासाठी परिचारिका, औषधे आणि पैसा पुरविणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ते पार पडेपर्यंत मेहेरबाईंचे स्मारक अपुरेच राहील.