पुणें म्युनिसिपालिटींतील जोतीराव फुले

गांवोगांवच्या आमच्या वाचकांपैकीं कांहीं जण ग्रामपंचायतीचे सभासद असतील, कांहीं पुढें होतील. लहान वस्तीचा माणूस मोठ्या सभेंत जाऊन बसला म्हणजे त्यानें आधीं कोणतें काम हातीं धरावें, आणि आपलें एकच मत असतां त्याचा उपयोग तरी काय, असे प्रश्न त्याच्या मनांत येतात. अशांसाठीं आज आम्ही जोतीराव गोविंदराव फुले यांचें चरित्र थोडक्यांत देत आहों. त्यांच्या शाळा व त्यांचे ग्रंथ यांविषयीं पुष्कळांनीं ऐकलें आहे. परंतु ते पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते, हें थोड्यांसच ठाऊक असतें.

जोतीरावांचा जन्म सन १८२७ मध्यें माळी घराण्यांत झाला. मूळ गांव सातारा जिल्ह्यांतील कटगुण. पेशव्यांस फुलें पुरविण्याच्या धंद्यावरून आडनांव फुले पडलें. आई त्यांच्या अगदीं लहानपणीं वारली. वडिलांनीं त्यांस शाळेंत घातलें, पण लोकांच्या सांगण्यावरून पुनः काढून बागेच्या कामास लाविलें. तेव्हां शेजारचे गफारबेग मुनशी व लिजिटसाहेब यांनीं मुलाची बुद्धि पाहून वडिलांचें मन वळविलें, आणि सन १८४१ मध्यें जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत जाऊं लागले. दोन शेजाऱ्यांनीं एका मुलासाठीं शब्द टाकला. त्याचें फळ पुढें किती घरांना मिळालें, हें सर्वांस माहीत आहे.

अहमदनगर येथील अमेरिकन मिशनची मुलींची शाळा त्यांनीं पाहिली, आणि सन १८४८ मध्यें पुण्यांत भिडे यांच्या वाड्यांत स्वतः मुलींची शाळा काढिली. पत्नी सावित्रीबाई यांस त्यांनीं घरींच शिकविलें व त्या शिक्षिका झाल्या. लोकांच्या दडपणामुळें वडिलांनीं दोघांस घर सोडावयास सांगितलें, तरी काम थांबलें नाहीं. महार-मांगांच्या मुलांसाठींहि शाळा निघाल्या. त्यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता नांवाच्या मांग समाजाच्या मुलीचा निबंध सन १८५५ मध्यें ज्ञानोदयांत छापला गेला. सन १८६८ मध्यें त्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळा केला. हें सर्व त्यांनीं म्युनिसिपालिटींत जाण्यापूर्वीं केलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. जो आपल्या दारचें पाणी देतो, त्यानेंच सभेंत पाण्याची गोष्ट बोलावी.

सन १८७६ मध्यें सरकारनें त्यांस म्युनिसिपालिटीचे सभासद नेमिलें. त्या वेळीं ते सरकारी बांधकामांचीं कंत्राटें घेत असत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशीं त्यांचा संबंध होता. अशा मनुष्यानें साहेबांची मर्जी राखून गप्प बसणें हेंच व्यवहाराचें धोरण ठरलें असतें. त्यांनीं तें पत्करलें नाहीं.

त्याच सुमारास दख्खनेंत मोठा दुष्काळ पडला. सन १८७७ मध्यें सत्यशोधक समाजाच्या वतीनें धनकवडी येथें अनाथ मुलांसाठीं आश्रम उघडण्यांत आला, आणि त्यासाठीं जोतीरावांनीं मदतीची विनंती काढिली. दाराशीं भुकेलें मूल असतां शोभेच्या खर्चाची किंमत काय, हें ते तेथें शिकले असें आम्हांस वाटतें.

कारण पुढें व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुण्याच्या भेटीनिमित्त म्युनिसिपालिटीनें १००० रुपये खर्च करावे, असा ठराव आला. जोतीरावांनीं सांगितलें कीं, ही रक्कम पुण्यांतील गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाकडे लावावी. मतें घेतलीं तेव्हां ३२ सरकारनियुक्त सभासदांपैकीं विरुद्ध मत देणारे ते एकटेच होते. ठराव पास झाला आणि ते हरले.

सन १८८० मध्यें शहरांत दारूचीं दुकानें वाढूं लागलीं, तेव्हां त्यांनीं म्युनिसिपालिटीच्या अधिकाऱ्यांस पत्र लिहून हरकत घेतली. एका हातानें लोकांच्या आरोग्यासाठीं पैसा खर्चावा आणि दुसऱ्या हातानें त्यांचें आरोग्य व संसार बुडविणारीं दुकानें वाढूं द्यावीं, ही विसंगति त्यांस सहन झाली नाहीं. मोठी मंडई बांधण्याचा बेत निघाला तेव्हांहि त्यांनीं त्या खर्चास विरोध केला. तो पैसा शिक्षणास हवा असें त्यांचें म्हणणें होतें. येथेंहि ते हरले. मंडई बांधली गेली आणि सन १८८६ मध्यें गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवानें उघडली.

ऑक्टोबर १८८२ मध्यें हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनपुढें त्यांनीं निवेदन सादर केलें. त्यावर सही करतांना त्यांनीं आपण व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर असल्याचें लिहिलें. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें, आणि मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा खर्च म्युनिसिपालिट्यांनीं सोसावा, अशी मागणी त्यांत होती. म्हणजे पुण्याच्या सभेंत जें मान्य झालें नव्हतें, तेंच त्यांनीं सर्व देशासाठीं मागितलें.

सन १८८८ मध्यें मुंबईच्या लोकांनीं त्यांस महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षीं पक्षाघातानें त्यांचें उजवें अंग लुळें पडलें, तेव्हां त्यांनीं डाव्या हातानें लिहून आपला शेवटचा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें.

आतां प्रथमच्या प्रश्नाकडे वळूं. जोतीरावांनीं म्युनिसिपालिटींत किती ठराव जिंकले हें मोजूं गेल्यास हातीं फारसें लागत नाहीं. परंतु त्यांचा क्रम कधीं बदलला नाहीं: आधीं गरिबाच्या मुलाची शाळा, मग त्याचें पाणी, त्याची भाकरी व त्याचा संसार, आणि मानपत्रें व इमारती त्यानंतर. ज्या मंडईच्या खर्चास त्यांनीं विरोध केला, तिलाच पुढें पुणेंकरांनीं महात्मा फुले यांचें नांव दिलें. मानपत्रासाठीं हात वर करणाऱ्या सभासदांचीं नांवें मात्र आज कोणास आठवत नाहींत.

तेव्हां, वाचकहो, पंचायतीच्या बैठकींत कमानीचा व शाळेच्या छपराचा असे दोन खर्च एकाच वेळीं पुढें आले, आणि छपराच्या बाजूनें आपण एकटेच उरलों, तर संकोच न करतां हात वर करावा. ठराव पडला तरी आपलें म्हणणें इतिवृत्तांत लिहून घ्यावें, आणि पुढच्या बैठकीस तेंच पुनः मांडावें.