सेवेकरी स्वागताध्यक्ष : हुदलीचे गंगाधरराव देशपांडे

॥ श्री गुरुदेव ॥



या वेळच्या चरित्रमालेसाठी आपल्या मातीतल्याच एका माणसाबद्दल लिहिते आहे. बेळगावात काँग्रेस रोडवरून आपण किती वेळा जातो! टिळकवाडीत तिथंच एक मोठी विहीर आहे, काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. ही विहीर जिथं खोदली गेली, त्या अधिवेशनाची सगळी जबाबदारी ज्यांच्या खांद्यावर होती ते म्हणजे गंगाधरराव देशपांडे.

गंगाधररावांचा जन्म ३१ मार्च १८७१ चा. बेळगाव तालुक्यातलं हुदली हे त्यांचं गाव. घरात देशपांडेपणाचं वतन होतं, खाऊनपिऊन सुखी घर. त्या काळी अशा घरातल्या मुलानं वाड्यात बसून वतन सांभाळावं, हीच अपेक्षा असायची. पण गंगाधररावांना लोकमान्य टिळकांची ओढ लागली आणि ते सार्वजनिक कामात पडले ते कायमचे. एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी आपला होमरूल लीग बेळगावातच सुरू केला. गांधीजीही त्या वेळी इथं आले होते. टिळकांच्या मागे गंगाधररावांनी गांधीजींना गुरुस्थानी मानलं आणि खादी हातात घेतली. लोक त्यांना कर्नाटक केसरी म्हणत, खादी भगीरथ असंही म्हणत.

मग आलं १९२४ साल. २६ आणि २७ डिसेंबरला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन ठरलं. अध्यक्ष गांधीजी, आणि स्वागताध्यक्ष गंगाधरराव. गांधीजींनी आयुष्यात एकदाच काँग्रेसचं अध्यक्षपद घेतलं, ते आपल्या बेळगावात. टिळकवाडीच्या माळावर मुक्काम उभारला, त्याला नाव दिलं विजयनगर.

आता आपण बायका बघा, घरात पन्नास माणसांचं कार्य असलं तरी पहिला प्रश्न पाण्याचा आणि दुसरा संडास-मोरीचा. इथं तर हजारो माणसं, डिसेंबरची थंडी आणि उघडा माळ! पाण्यासाठी विहीर खोदली, तिला पंपासरोवर असं नाव दिलं. स्वच्छतेचं काम काकासाहेब कालेलकरांनी अंगावर घेतलं. तेच मोठे लेखक काकासाहेब, बेळगावच्या गणेश विद्यालयात त्यांनी शिकवलंही होतं. वरच्या जातीतल्या घरांतली मुलं संडास साफ करायला उभी राहिली. ज्या काळात हे काम एका जातीवर लादलेलं होतं आणि त्या माणसांची सावलीसुद्धा टाळत, त्या काळातली ही गोष्ट आहे. घरी गेल्यावर त्यांतल्या कित्येकांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, त्याचा विचार करावा.

स्वयंसेवकांची शिस्त डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या सेवादलाकडे होती. आणि बायकांचं पथक उभं केलं हुबळीच्या उमाबाई कुंदापूर यांनी. उमाबाईंना नुकतंच, १९२३ मध्ये, वैधव्य आलं होतं. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी माजघराच्या कोपऱ्यात बसायचं. त्या बसल्या नाहीत. गावोगाव फिरून त्यांनी शंभरावर बायका गोळा केल्या, त्यांतल्या कितीतरी विधवा होत्या. ज्यांना घरच्या मंगलकार्यात पुढे येऊ देत नसत, त्या बायका देशाच्या कार्यात पुढे उभ्या राहिल्या. मला या अधिवेशनातली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच वाटते.

अधिवेशन दोन दिवसांत संपलं, पण गंगाधररावांचं काम संपलं नाही. खादीसाठी ते फिरत राहिले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. १९३७ च्या एप्रिलमध्ये गांधी सेवा संघाचं संमेलन त्यांनी हुदलीसारख्या लहान गावात भरवलं. गांधीजी तिथं जवळजवळ आठवडाभर राहिले. खादीचं काम हुदलीत रुजलं ते रुजलंच. हुदलीची खादी आणि हुदलीचं लोणचं आपल्याला आजही माहीत आहे. या सगळ्यात घरची सुबत्ता मात्र खर्ची पडली. स्वातंत्र्यानंतर ते मंत्री वगैरे झाले नाहीत. माझी जीवनकथा हे आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिलं. ३० जुलै १९६० रोजी ते गेले.

एक गोष्ट लपवून ठेवणं बरोबर नाही. गंगाधरराव कर्नाटक एकीकरणाच्या बाजूचे होते. सीमाभागातल्या आपल्या कितीतरी घरांत याबद्दल वेगळं मत आहे आणि त्यापायी घराघरांनी सोसलंही आहे. ते मत ज्याचं त्याच्यापाशी. पण विहिरीचं पाणी मराठी घरातही गेलं आणि कन्नड घरातही. गल्लीतलं गटार तुंबलं तर डास दोन्ही दारांत येतात. भाषेच्या प्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर गटार तसंच ठेवायचं का?

आपल्या उत्सवात सेवेला माणूस कमी पडत नाही. महाप्रसाद, भांडी, चपला सांभाळणं, मंडप झाडणं, सगळ्याला हात पुढे येतात. निपाणी, संकेश्वर, खानापूर, कुठलंही केंद्र घ्या. पण त्याच मंदिराच्या मागची पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, हे विचारायला कोणी जात नाही. ते पंचायतीचं काम, राजकारण्यांचं काम, असं आपण म्हणतो. गंगाधररावांच्या चरित्रातून मला कळलं ते एवढंच, की पाणी आणि स्वच्छता ही त्यांनी सेवाच मानली, आणि ती वेळेवर, दहा माणसं बरोबर घेऊन केली.

कायद्यानं कर्नाटकात ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी, त्याआधी वॉर्डसभा. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. कुठली कामं आधी, घरकुल कोणाला, हे तिथं ठरतं. आपण गेलो नाही तर जे चार जण जातात ते ठरवतात, आणि मग आपण घरी बसून कुरकुरतो.

म्हणून प्रत्येक कुटुंब ग्रुपला एक विनंती. आपल्या पंचायतीत जाऊन पुढच्या वॉर्डसभेची तारीख विचारून घ्या आणि ग्रुपवर टाका. शहरात राहणाऱ्यांनी आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला भेटा. एकट्यानं जाऊ नका, शेजारच्या दोघी-तिघींना सोबत घ्या, दुसऱ्या भाषेची शेजारीण असेल तर तिलाही. फार बोलायची गरज नाही. टाकी कधी धुतली आणि पुढे कधी धुणार, एवढं विचारा आणि उत्तर वहीत लिहून आणा. आणि कोणी म्हणालं की सफाईला हात लागतील, तर उत्सवात कंबर कसतो तशी कसून जा.

जय गुरुदेव.