कामगारांचे कैवारी

चाकणच्या कारखान्यांतील कामगारांना आज आठवड्याची सुट्टी मिळते. हा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. त्यासाठी झटलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे मूळ गाव चाकणच्याच खेड तालुक्यातील कन्हेरसर. त्यांचा जन्म मात्र १८४८ साली ठाण्यास, एका गरीब कुटुंबात झाला.

मुंबईच्या कापड गिरणीत नोकरी करताना त्यांनी कामगारांचे हाल पाहिले. बायकामुलेही दिवसभर राबत. यंत्रात हात गेल्यास भरपाई नसे. जोतीराव फुले यांच्या विचारांनी भारलेल्या नारायणरावांनी १८८० पासून ‘दीनबंधू’ पत्र चालविले आणि १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली. रविवारची सुट्टी, दुपारची विश्रांती व वेळेवर पगार या मागण्यांच्या अर्जावर ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. एकट्याची विनवणी कोणी ऐकत नसे. हजारोंच्या एकमुखी मागणीपुढे मालकांना नमावे लागले. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली.

१८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असता त्याच रोगाने नारायणरावांचा अंत झाला. श्रमणाऱ्यास न्याय्य वाटा मिळावा, हा समाजवादाचा गाभा. तो शब्द आपल्याकडे रूढ होण्यापूर्वीच त्यांनी त्या वाटेवर पाऊल टाकले होते.