नगरच्या किल्ल्यात चिमण्यांशी लढाई हरलेला कैदी: मौलाना आझाद

थंडी पडली की नगर जिल्ह्यातल्या पक्षीप्रेमींची पावलं जायकवाडीच्या फुगवट्याकडे वळतात. कुणाला रोहित पक्ष्यांचा थवा टिपायचा असतो, तर कुणी कर्जत-श्रीगोंद्याच्या माळरानावर माळढोक दिसतोय का ते बघत फिरतं.

पण या जिल्ह्यात केलेलं एक अतिशय गाजलेलं पक्षीनिरीक्षण ना पाणथळीवर झालं, ना माळावर. ते झालं नगरच्या भुईकोट किल्ल्यात, एका कैद्याच्या खोलीत. पक्षी होता आपली साधी घरचिमणी. आणि कैदी होते मौलाना अबुल कलाम आझाद.

आझादांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ चा, मक्केतला. पुढे कुटुंब कलकत्त्याला आलं. शाळेत न जाता घरीच शिकलेल्या या मुलाने १९१२ साली 'अल-हिलाल' हे उर्दू साप्ताहिक काढून इंग्रज सरकारची झोप उडवली. १९२३ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, ते काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. १९४० मध्ये पक्षाची धुरा पुन्हा त्यांच्याकडे आली.

त्यामुळे ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'चले जाव'चा ठराव मंजूर झाला, तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष आझादच होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच इंग्रजांनी धरपकड केली. काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना रेल्वेने थेट नगरला आणलं आणि किल्ल्यात बंद केलं. नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, असे एकाहून एक दिग्गज तिथे होते.

बाहेरच्या जगाशी संबंध तुटला होता. आझाद भल्या पहाटे उठायचे, स्वतःच्या हाताने चहा करायचे आणि हबीबुर रहमान खान शेरवानी या मित्राला पत्रं लिहायचे. ती टपालात पडणार नाहीत हे ठाऊक असूनही लिहायचे. सुटकेनंतर, १९४६ मध्ये, याच पत्रांचं पुस्तक झालं: 'गुबार-ए-खातिर'. उर्दू गद्यात ते आजही मानाचं पुस्तक समजलं जातं.

या पुस्तकात मार्च १९४३ मध्ये लिहिलेली चिमण्यांची गोष्ट आहे.

झालं असं की, आझादांच्या खोलीचं छत जुनं, लाकडी तुळयांचं. तिथे चिमण्यांनी आधीच संसार थाटलेला. दिवसभर चिवचिवाट आणि सामानावर काड्या-कचऱ्याचा पाऊस. वैतागून आझादांनी आधी छत्री उगारली, मग लांब बांबू हातात घेतला. चिमण्या पळाल्या. पण थोड्याच वेळात परत हजर! असं अनेकदा झालं. इंग्रज साम्राज्याला न बधलेल्या माणसाने शेवटी चिमण्यांपुढे हात टेकले आणि तह करायचं ठरवलं.

त्यांनी सतरंजीवर तांदळाचे दाणे टाकले आणि दगडासारखे निश्चल बसून राहिले. चिमण्या लांबून अंदाज घेत, मान वाकडी करून बघत, दोन उड्या पुढे येत आणि भुर्रकन उडत. मग दाणे हळूहळू खुर्चीच्या जवळ सरकत गेले. अखेर चिमण्या त्यांच्या अंगाखांद्यावर बसू लागल्या, तळहातावरचे दाणे टिपू लागल्या.

आता इथेच खरी गंमत आहे. आपल्याला सगळ्या चिमण्या सारख्याच दिसतात. गळ्याखाली काळा डाग असेल तर चिमणा, नसेल तर चिमणी, इतकंच आपण ओळखतो. आझादांना मात्र प्रत्येकीचा स्वभाव दिसायला लागला. कशालाही न भिणारा तो 'कलंदर', सतत गलका करणारा 'मुल्ला', गप्प गप्प असणारा 'सूफी' आणि एक लाडकी 'मोती', अशी त्यांनी नावंच ठेवली. मरगळून पडलेलं पिल्लू आपल्या पंखांची जाणीव होताच एकदम कसं झेपावतं, हेही त्यांनी टिपलं. स्वतःची ताकद ओळखणं म्हणजे काय, हे त्यांना त्या झेपेत दिसलं.

पक्षीनिरीक्षणाला महागडी दुर्बीण लागतेच असं नाही. हालचाल न करता थांबणं, रोज त्याच जागी बघणं आणि पक्ष्याला आपली सवय होऊ देणं, ही खरी पद्धत. कैदेने आझादांना ती शिकवली.

पण ही गोष्ट इतकी गोड संपत नाही. त्याच मार्चमध्ये कलकत्त्याहून पत्नी झुलेखा बेगम गंभीर आजारी असल्याची तार आली. सरकारकडे काही विनंती करायची असेल तर लगेच पुढे पाठवतो, असं तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवलं. आझादांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढतोय त्याच्यापुढे हात पसरायचा नाही, हा त्यांचा निर्धार होता. ९ एप्रिल १९४३ रोजी बेगम गेल्या. शेवटची भेट झालीच नाही. चिमण्यांच्या गोष्टीनंतर महिन्याच्या आतच आझाद त्याच मित्राला पत्नीच्या मृत्यूबद्दल लिहीत होते.

१९४५ मध्ये त्यांना बंगालमधल्या बांकुरा इथे हलवलं आणि जूनमध्ये सुटका झाली. पुढे ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो आणि १९९२ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आलं.

२० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. २०१० पासून तो पाळला जातो आणि ती कल्पना पुढे आणणारे मोहम्मद दिलावर आपल्या नाशिकचे. शहरात चिमण्या दिसेनाशा झाल्या, ही त्यामागची काळजी. जुन्या तुळया गेल्या, भिंतीतले कोनाडे गेले, अंगणात धान्य निवडणं थांबलं, मग चिमणीने घरटं बांधायचं कुठे?

त्यामुळे यंदा थंडीत जायकवाडीला रोहित बघायला जाणार असाल तर जरूर जा. पण निघण्याआधी आपल्याच खिडकीत मूठभर दाणे आणि पाण्याचं एक भांडं ठेवा, आणि थोडा वेळ अजिबात न हलता बसून बघा!