बेंजामिन फ्रँकलिन

बेंजामिन फ्रँकलिन (१७ जानेवारी, १७०६ – १७ एप्रिल, १७९०) हे अमेरिकेचे मुद्रक, लेखक, शास्त्रज्ञ व मुत्सद्दी होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर व राज्यघटनेवर त्यांची स्वाक्षरी आहे. त्यांच्या लेखनाचा आरंभ मात्र निनावी उपहासाने झाला.

बालपण

बॉस्टन येथे साबण व मेणबत्त्या बनवणाऱ्या जोसाया फ्रँकलिन यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. परंतु दहाव्या वर्षीच शाळा सुटली. बाराव्या वर्षी ते थोरले बंधू जेम्स यांच्या छापखान्यात उमेदवारी करू लागले. जेम्स यांनी १७२१ मध्ये 'न्यू इंग्लंड कूरंट' हे साप्ताहिक काढले.

निनावी पत्रे

आपले लेखन भाऊ छापणार नाही, या शंकेने बेंजामिन यांनी हस्ताक्षर बदलून पत्र लिहिले व रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवले. एप्रिल ते ऑक्टोबर १७२२ या काळात अशी १४ पत्रे छापली गेली. त्यांची लेखिका 'सायलेन्स डूगुड' ही एका धर्मोपदेशकाची काल्पनिक विधवा होती. हार्वर्डमध्ये पैशाच्या बळावर शिरणारी मंद मुले, मद्यपी नगरजन, ठोकळेबाज शोकगीते आणि धर्माच्या आडून सत्ता भोगणारे ढोंगी यांची तिने थट्टा केली. लेखक कोण याचा तर्क करताना जेम्स यांच्या मित्रांनी गावातील विद्वानांचीच नावे घेतली. सोळा वर्षांच्या उमेदवाराचे नाव कोणाला सुचले नाही.

निनावीपणाला कारणही होते. जून १७२२ मध्ये शासनावरील टीकेमुळे जेम्स यांना तुरुंगात टाकण्यात आले. त्या काळात बेंजामिन यांनी साप्ताहिक चालवले. पुढे भावांत बेबनाव होऊन सप्टेंबर १७२३ मध्ये ते घरातून पळाले व फिलाडेल्फियास पोहोचले.

उत्तरायुष्य

'कूरंट'ने धर्मगुरू कॉटन मॅदर यांनी पुरस्कारलेल्या देवी टोचण्याच्या पद्धतीचीही खिल्ली उडवली होती. या बाबतीत धर्मगुरूंचेच म्हणणे योग्य ठरले. १७३६ मध्ये फ्रँकलिन यांचा चार वर्षांचा मुलगा देवीने दगावला. त्याला टोचून न घेतल्याचा पश्चात्ताप त्यांना आयुष्यभर राहिला.

टोपणनावाने लिहिणे त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. मार्च १७९० मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, त्यांनी अल्जीयर्सच्या एका काल्पनिक अधिकाऱ्याच्या तोंडी ख्रिस्ती गुलाम बाळगण्याचे समर्थन घातले आणि त्यातून अमेरिकेतील गुलामगिरीच्या समर्थकांचा युक्तिवाद त्यांच्यावरच उलटवला.