मुंबईला प्लेगची लस देणाऱ्या हाफकिन यांच्यावरच १९ मृत्यूंचा ठपका आला होता..

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचं नाव आपण अनेकदा ऐकतो. पण हे हाफकिन नेमके कोण?

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, रशियन साम्राज्यातल्या ओडेसा शहरातला. घराणं ज्यू. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये लागले, ते सुद्धा ग्रंथपाल म्हणून. ते काम सांभाळत त्यांनी कॉलऱ्यावर लस शोधली आणि १८९२ मध्ये पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि त्यांनी हजारो लोकांना ही लस दिली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवी भागातला रुग्ण तपासून डॉ. अकासिओ व्हिएगास या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी आजार ओळखला. लोक घरदार सोडून गावाकडं पळू लागले. सरकारनं हाफकिन यांना बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना काम करायला जागा मिळाली.

त्यांची पद्धत अशी होती: मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे. जंतूंना धरून वाढायला आधार म्हणून वर तुपाचे थेंब सोडायचे. मग उष्णता देऊन जंतू मारायचे. असे मेलेले जंतू टोचले की प्लेग होत नाही, पण शरीर शत्रूला ओळखायला शिकतं.

१० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःच घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथं तयार असलेल्या कैद्यांना लस दिली गेली. लस न घेतलेल्यांपेक्षा घेतलेल्यांमध्ये आजार बराच कमी दिसला. पुढे मागणी इतकी वाढली की १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हलवावी लागली.

पण १९०२ मध्ये घात झाला. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात ३० ऑक्टोबरला १०७ जणांना लस दिली. त्यातले १९ जण धनुर्वातानं गेले. हे सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. बाकीच्या बाटल्यांची लस घेतलेल्यांना काहीच झालं नाही.

तरीही दोष आला तो हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर. चौकशी समितीनं बोट ठेवलं ते त्यांनी बदललेल्या निर्जंतुकीकरणाच्या पद्धतीवर. त्यांना कामावरून बाजूला करण्यात आलं आणि ते भारत सोडून गेले.

नंतर पुरावे नीट तपासले, तेव्हा वेगळीच गोष्ट दिसली. मुल्कोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतातच. म्हणजे लस दूषित झाली ती गावात, परळमध्ये नाही.

मलेरियाचं कोडं सोडवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूनं उभे राहिले. १९०७ मध्ये त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला. ते भारतात परतले खरे, पण मुंबईला नाही, कलकत्त्याला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं आणि १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.

एक बाटली दूषित व्हायला काही क्षण लागले. ती बाटली म्हणजे अख्खी लस नव्हे, हे मान्य व्हायला मात्र पाच वर्षं गेली. लसीमुळं कुणी दगावल्याचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी चौकशी काय सांगते, हे बघायला म्हणूनच थोडं थांबायला हवं.