गुलामीतून पळालेल्या जोडप्याच्या पोराने रेल्वे इंजिनाला चालता चालता तेल प्यायला शिकवलं

गाडी जुनी झाली की गल्लीतला प्रत्येकजण मेस्त्री होतो. घरची एसयूव्ही दहा-बारा वर्षांची झालेली असते, मीटरवर दीड-दोन लाख किलोमीटर पडलेले असतात आणि ऑइल बदलायची वेळ आली की सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. काका सांगतात घट्ट ऑइल टाक, मित्र सांगतो महागातलं सिंथेटिक टाक, दुकानदार त्याच्याकडे असलेला डबा पुढे सरकवतो. आपण डब्यावरचं नाव बघतो, किंमत बघतो आणि मोकळे होतो.

या सगळ्यात मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. या इंजिनाला नेमकं कोणतं तेल लागतं, किती लागतं आणि ते जिथे पोहोचायला हवं तिथे पोहोचतंय का?

दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने हाच प्रश्न धरला आणि म्हातारा होईपर्यंत सोडला नाही. त्याचं नाव एलायजा मॅकॉय. अमेरिकेत अस्सल वस्तूला ‘द रिअल मॅकॉय’ म्हणतात, तो मॅकॉय म्हणजे हाच, असं तिकडे अनेकजण मानतात. ते कितपत खरं, ते पुढे बघूच. आधी त्याची गोष्ट.

आईवडील गुलामीतून पळून आले होते

एलायजाचे वडील जॉर्ज आणि आई मिल्ड्रेड हे दोघं अमेरिकेच्या केंटकी राज्यात गुलाम होते. तिथून ते ‘अंडरग्राउंड रेलरोड’च्या मदतीने पळाले. नावात रेल्वे असली तरी यात ना रूळ होते, ना डबे. गुलामांना रात्री-अपरात्री एका घरातून दुसऱ्या घरी लपवत सीमेपार पोहोचवणाऱ्या माणसांचं ते गुप्त जाळं होतं. सीमेपार म्हणजे कॅनडात, कारण ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३४ पासून लागू झाला होता.

तिथे ओंटारिओमधल्या कोलचेस्टर इथे २ मे १८४४ ला एलायजाचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी स्थायिक झालं.

पोराला लहानपणापासून यंत्रांचं वेड. काहीही उघडायचं, बघायचं, परत जोडायचं. आईवडिलांनी ते ओळखलं आणि परिस्थिती बेताची असतानाही पंधरा वर्षांच्या एलायजाला थेट स्कॉटलंडला, एडिनबरोला पाठवलं. तिथे उमेदवारी करून तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला. इंजिनाचं डिझाइन कसं करायचं, ते बनवायचं कसं, बिघडलं तर दुरुस्त कसं करायचं, हे सगळं शिकून गडी घरी परतला.

हातात शिक्षण होतं, मिळालं फावडं

मिशिगन सेंट्रल रेलरोड या रेल्वे कंपनीत तो कामाला लागला. पण काळ्या माणसाला इंजिनिअरची जागा द्यायला कंपनी तयार नव्हती. एडिनबरोला शिकून आलेल्या माणसाला काम मिळालं फायरमन आणि ऑइलमनचं. म्हणजे फावड्याने भट्टीत कोळसा टाकायचा आणि इंजिनाच्या सांध्यासांध्यात तेल घालायचं.

अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला, तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केला. पण कायदा बदलला म्हणून लगेच नोकरी देणाऱ्यांची नजर बदलत नाही. एलायजाच्या हातातलं फावडं त्याचा पुरावा होतं.

त्याने नोकरी सोडली नाही. उलट रोज ज्या कामाने हात काळे होत होते, तेच काम तो इंजिनिअरच्या नजरेने बघायला लागला.

तेलाची कटकट नेमकी काय होती?

वाफेचं इंजिन चालतं सिलिंडर आणि पिस्टनवर. धातूवर धातू घासला की उष्णता तयार होते आणि झीज होते. मध्ये तेलाचा पातळ थर असेल तर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना थेट भिडत नाहीत. तो थर तुटला की पार्ट तापतात, फुगतात आणि शेवटी जाम होतात. आजही मेस्त्री इंजिन सीझ झालं म्हणतो, तेव्हा बहुतेकदा हेच झालेलं असतं.

रेल्वे इंजिनात वंगण लागणाऱ्या जागा पुष्कळ होत्या आणि तेल हाताने घालावं लागायचं. त्यासाठी गाडी थांबवायची, ऑइलमनने तेलाचा डबा घेऊन इंजिनाभोवती फिरायचं, मग गाडी पुढे न्यायची. यात वेळ जायचा तो वेगळाच. त्यातही सिलिंडरचं दुखणं मोठं होतं. तिथे आत दाबाखालची गरम वाफ असते, वरून नुसतं तेल ओतून चालत नाही. थांब्यावर जास्त तेल घातलं तर ते वाया जायचं आणि पुढचा थांबा लांब असला तर इंजिन कोरडं पडायचं.

१८७२ चं पेटंट

इप्सिलांटीतल्या आपल्या छोट्या वर्कशॉपमध्ये मॅकॉयने यावर उपाय शोधला. १८७२ मध्ये वाफेच्या इंजिनासाठीच्या ल्युब्रिकेटरचं पेटंट त्याला मिळालं. पेटंट क्रमांक १,२९,८४३.

कल्पना साधी होती. सिलिंडरसाठी तेलाचं भांडं इंजिनावरच बसवायचं. त्यातून तेल सोडणारा व्हॉल्व्ह माणसाने उघडायचा नाही, तर इंजिनातल्या वाफेच्याच दाबाने तो उघडायचा. त्यामुळे इंजिन चालू असतानाच तेल आपोआप आत जाऊ लागलं. त्यासाठी गाडी थांबवायची गरज उरली नाही.

हा उपाय रेल्वेपुरता राहिला नाही. वाफेवर चालणारी जहाजं होती, कारखाने होते. जिथे वाफेचं इंजिन, तिथे तेलाची हीच कटकट होती. मॅकॉय आपल्याच डिझाइनमध्ये सुधारणा करत राहिला आणि आयुष्यभरात त्याच्या नावावर सुमारे ५७ पेटंट झाली. त्यातली बहुतेक वंगणाशी संबंधित होती. मधेच इस्त्रीचं टेबल आणि बागेला पाणी घालायचा स्प्रिंकलर यांचीही पेटंट त्याने घेतली.

पण पेटंट असणं आणि पैसा असणं यात फरक असतो. कारखाना काढण्याइतकं भांडवल त्याच्याकडे नव्हतं. त्यामुळे अनेक पेटंटचे हक्क त्याला दुसऱ्यांना द्यावे लागले. डोकं त्याचं, माल दुसऱ्याचा, असं बरीच वर्षं चाललं.

मग ‘रिअल मॅकॉय’ म्हणजे हाच का?

लोकप्रिय किस्सा असा आहे की बाजारात नकली ल्युब्रिकेटर आले, तेव्हा रेल्वेचे इंजिनिअर खरेदी करताना हा अस्सल मॅकॉयच आहे ना, असं विचारायचे. त्यातून हा वाक्प्रचार आला म्हणतात.

किस्सा भारी आहे, पण तो सिद्ध झालेला नाही. ‘रिअल मॅके’ हा याच अर्थाचा शब्दप्रयोग स्कॉटलंडमध्ये १८५६ मध्येच छापलेला सापडतो, म्हणजे मॅकॉयच्या पहिल्या पेटंटच्या सोळा वर्षं आधी. आपोआप तेल देणारा ल्युब्रिकेटर जगात सगळ्यात आधी मॅकॉयनेच बनवला, हेही खरं नाही. ब्रिटनमध्ये जॉन रॅम्सबॉटमने १८६० मध्येच तसा एक ल्युब्रिकेटर आणला होता.

याने मॅकॉय लहान होत नाही. त्याचं मोठेपण पहिला असण्यात नव्हतं. इंजिन बदललं की वंगणही बदलावं लागतं, हे ओळखून तो एकाच विषयावर चाळीसहून जास्त वर्षं काम करत राहिला.

इंजिन बदललं, मग जुनं तेल कसं चालेल?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे इंजिनात सुपरहीटर आला. म्हणजे बॉयलरमधून निघालेली वाफ सिलिंडरमध्ये जाण्याआधी आणखी तापवायची. त्यामुळे कोळसा वाचायचा आणि ताकद वाढायची. पण इतक्या उष्णतेत नेहमीचं तेल टिकेना. वंगण कमी पडलं की सिलिंडरची झीज व्हायची.

यावर तेलात ग्राफाइटची भुकटी मिसळायचा उपाय होता. ग्राफाइट म्हणजे आपल्या पेन्सिलीतलं शिसं ज्याचं बनतं तो पदार्थ. तो घसरडा असतो आणि उष्णतेत टिकतो. अडचण एकच, ही भुकटी तेलात खाली बसते आणि नळ्या तुंबवते.

१९१५ मध्ये मॅकॉयने ग्राफाइट आणि तेलाचं मिश्रण न तुंबता सिलिंडरपर्यंत पोहोचवणाऱ्या ल्युब्रिकेटरचं पेटंट घेतलं. तेव्हा त्याचं वय सत्तरच्या पुढे होतं. १९२० मध्ये डेट्रॉइटमध्ये त्याच्या स्वतःच्या नावाची कंपनी उभी राहिली, एलायजा मॅकॉय मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. पहिल्या पेटंटनंतर तब्बल ४८ वर्षांनी.

पण सुख फार टिकलं नाही. १९२२ मध्ये त्याचा आणि बायको मेरीचा मोटार अपघात झाला. मेरी स्वतः डेट्रॉइटमधल्या काळ्या स्त्रियांच्या संस्थांमध्ये मोठं नाव होती. १९२३ मध्ये ती गेली. मॅकॉय त्या अपघातातून पूर्ण सावरलाच नाही. तब्येत आणि पैसा दोन्ही खालावत गेलं. १० ऑक्टोबर १९२९ ला डेट्रॉइटजवळच्या एलोइज इथल्या सरकारी इन्फर्मरीत, वयाच्या ८५ व्या वर्षी तो वारला.

मान मिळाला, पण उशिरा. २००१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या पेटंट ऑफिसने डेट्रॉइटमध्ये शाखा उघडली आणि तिला नाव दिलं एलायजा मॅकॉयचं.

आता आपल्या जुन्या एसयूव्हीकडे येऊ

मॅकॉयच्या कामातून तीन प्रश्न निघतात. कोणतं तेल, किती आणि ते पोहोचतंय का? जुन्या गाडीला हेच तीन लावून बघा.

कोणतं : गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत ग्रेड दिलेला असतो, उदाहरणार्थ १५डब्ल्यू-४०. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा गरम इंजिनात ते किती घट्ट राहतं ते सांगतो. ग्रेडइतकंच एपीआयचं मानकही बघा. डिझेलसाठी ते ‘सी’ने सुरू होतं, जसं सीआय-४ किंवा सीके-४. पेट्रोलसाठी ‘एस’ने, जसं एसएन किंवा एसपी. डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, तिथे चुकीचं ऑइल टाकलं तर फिल्टर तुंबतो. हे जुळत असेल तर नाव कुठल्याही चांगल्या कंपनीचं चालतं.

किती : गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असलेलं वाईट, तसंच जास्त भरलेलंही वाईट. तेलाला फेस येतो आणि थर नीट बनत नाही.

पोहोचतंय का : गाडी जुनी म्हणून घट्ट ऑइल टाका, हा सल्ला इथे अडकतो. गरजेपेक्षा घट्ट तेल सकाळी पहिल्या स्टार्टला वरच्या भागापर्यंत आणि टर्बोपर्यंत हळू पोहोचतं. गाडी ऑइल पीत असेल, निळा धूर सोडत असेल, तर दोष पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोमध्ये असू शकतो. घट्ट ऑइल तो दोष काही दिवस झाकतं, दुरुस्त करत नाही. आधी तपासणी करा. आणि दरवेळी ऑइलसोबत फिल्टरही बदला.

डिझेल गाडीत नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडलं तर घाबरू नका. इंजिनातली काजळी ते धरून ठेवतंय, ते त्याचं कामच आहे. बदलायचं ते रंग बघून नाही, तर पुस्तिकेत दिलेले किलोमीटर किंवा महिने, जे आधी पूर्ण होईल त्यावर.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानदाराने डबा पुढे केला की कंपनीचं नाव नंतर वाचा, आधी मागच्या बाजूचा ग्रेड आणि मानक वाचा.